ती म्हैस होती

श्यामलाबाई गायधनींच्या रागाची एक पद्धत होती. आवाज चढवायचा नाही. खाली आणायचा, शब्द स्वच्छ तोडायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला बोलायला थोडी जागा सोडायची. समोरचा त्या जागेत हमखास पडायचा. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात खेकसणारे व्यापारी, हुकूम सोडणारे साहेब, रडवेल्या आया, सगळ्यांना त्या एकाच सुरात सांगत, "आपली तीन मिनिटं संपली." ऐकायला गोड आणि दार लावून घेतल्यासारखं पक्कं. शेजारच्या बोर्डावर बसणारी आलिमा म्हणायची, "शामे, तू शिवी घातलीस ना, तरी माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवेल."

त्याच श्यामलाबाई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरून अशा ओरडल्या की खाली पार्किंगमधल्या वॉचमनने खुर्ची सोडली.

"ती म्हैस होती!"

वॉचमन वर बघत राहिला. दुसऱ्या मजल्यावरची कुकरची शिट्टी वाजता वाजता अर्ध्यात थांबली. पुन्हा तेच वाक्य आलं, या वेळी एकेक शब्द सुटा करून, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावं असं.

"ती. म्हैस. होती."

ही म्हैस समजायची तर आधी श्यामलाबाईंच्या कानांकडे जावं लागेल.

वर्षानुवर्षं डोक्याला हेडफोन लावून बसल्याचं फळ असेल, किंवा वयाचं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या कानांत रातकिडे येऊन बसले. दिवसा टीव्ही, मिक्सर, सुनेच्या मीटिंगा यांत ते दबून राहत. घर शांत झालं की त्यांची मैफल सुरू. कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, "आजी, याच्याशी मैत्री करा." श्यामलाबाईंना त्या वाक्याचा राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं कानात घेऊन झालं, आता कान आपले झाले म्हणावं तर तिथे भाडेकरू!

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा झाली. तेजश्रीने, म्हणजे सुनेने, सासूचं नाव परस्पर घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांकडून एकसारखे गणपती करून घेतले. आधी गोळा, मग पोट, मग सोंड. श्यामलाबाईंच्या गणपतीची सोंड त्या बाईंनी येता-जाता स्वतःच सरळ केली, कान स्वतःच चिकटवले, आणि म्हणाल्या, "बघा, किती छान जमलं तुम्हाला!" श्यामलाबाई हसल्या. मग समारोपाची भाषणं सुरू झाली. त्यांच्या मांडीवर पिशवीत उरलेली माती होती. सोसायटीचे चेअरमन पर्यावरणावर बोलत होते आणि श्यामलाबाई पिशवीत हात घालून तो गार गोळा नुसता दाबत होत्या. दाबायचा, सोडायचा. अंगठा रुतवायचा, बुजवायचा. मध्येच त्यांना वाटलं, काहीतरी बंद पडलंय. पंखा फिरत होता, चेअरमनही चालू होते.

रातकिडे गप्प झाले होते.

हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. फक्त आलिमाला, फोनवर.

"मातीचा आणि कानाचा काय संबंध गं?" आलिमाने विचारलं.

"मला काय माहीत. आहे."

"मग विचारू नकोस. कर. विचारलंस की जातं असलं काही."

बाल्कनीच्या कोपऱ्यात एक पाट, एक बादली, ओलं फडकं आणि शाडूची पिशवी, एवढा संसार मांडला गेला. दुपारी जेवणं उरकली की श्यामलाबाई तिथे जाऊन बसत. कधी पाल करत, कधी गॅसचं सिलिंडर. एकदा आलिमाचं नाक केलं, नुसतं नाक. झालं की थोडा वेळ बघत आणि मोडून बादलीत टाकत. मोडताना वाईट वाटत नसे. उद्याची माती उद्याला तयार.

यातलं काहीच चांगलं होत नव्हतं, हे इथेच सांगितलेलं बरं. श्यामलाबाईंच्या बोटांत कला होती आणि जगाने ती ओळखली नाही, अशी ही गोष्ट नाही. पालीला पाच पाय व्हायचे. सिलिंडर पिसाच्या मनोऱ्यासारखं कलायचं. त्यांना त्याचं काही नव्हतं. पहिल्यांदाच आयुष्यात असं काही हाती लागलं होतं की जे चांगलं व्हायचीच गरज नव्हती.

पण माणसं! माणसांना ते बघवेना.

"तेवढाच विरंगुळा," ढुंढिराज आल्यागेल्याला सांगत. नवरा माणूस चांगला. वीज मंडळाच्या कचेरीत इमानाने नोकरी केली, बायकोच्या रात्रपाळ्यांना कधी नाक मुरडलं नाही, रात्रपाळीहून ती परत यायची तेव्हा उठून चहा टाकला. पण हा एक शब्द त्यांच्या जिभेवर बसला होता. तेवढाच. तेवढाच विरंगुळा. तेवढाच वेळ जातो. तेवढेच हात चालतात. श्यामलाबाई बाल्कनीतून ऐकत. त्यांना वाटे, या तेवढाचला एक दिवस पाटावर घ्यावं आणि चांगलं मळावं.

तेजश्रीची दुसरी तऱ्हा. ती म्हणे, "आई, पणत्या करा ना. दिवाळीला स्टॉल लावू."

"मला पणत्या नाही करायच्या."

"मग फ्रिज मॅग्नेट? छोटे छोटे. खूप चालतात."

"कुठे चालतात? फ्रिजवर?"

"आई, तुम्ही पण ना!"

ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रातले चिटणीस एकदा घरी येऊन गेले. त्यांनी पाच पायांची पाल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "वा! हे काय आहे? आणि याचा उपयोग काय?"

याचा उपयोग काय. श्यामलाबाईंनी त्या रात्री कूस बदलत बदलत हिशोब मांडला आणि राग पायापासून वर चढत गेला. कळवणला लहानपणी कोळशाने भिंतीवर घोडा काढला, तर आईने धपाटा घातला होता. मग तीच बोटं रांगोळीला लावली, कारण पाहुणे येणार होते. लग्नाआधी स्वतःच्या रुखवतात मांडायला भरतकाम, लग्नानंतर दोन्ही नणंदांच्या रुखवताला साखरेचं तुळशीवृंदावन, कापसाचा राजवाडा, सुपाऱ्यांची भटजी-मंडळी. संक्रांतीला सुनेसाठी हलव्याचे दागिने. हात कधी रिकामे नव्हते. आणि दर वेळी बायका रांगेने येऊन बघायच्या, विचारायच्या, कुणी केलं? मग सासूबाई म्हणायच्या, आमच्या सुनेनंच. सुनेच्या हातात काय आहे ते दाखवायचं होतं. सुनेला काय करायचंय ते कुणी विचारलं नव्हतं. आता सत्तरी गाठल्यावर एक पाल केली, तर तिलाही कामाला लावायला निघाले!

त्याच रागात एका दुपारी त्यांच्या हातून चिमणाबाई सुरू झाली.

चिमणाबाई ही कळवणच्या त्यांच्या शेजाऱ्यांची म्हैस. नावाने चिमणी आणि अंगाने मालगाडीचा डबा. ती दूध बेताचंच देई. तिचं खरं काम बसणं. नदीवरून परत येताना भर रस्त्यात तिला वाटेल तिथे ती बसे, आणि एकदा बसली की मग कुणाच्या बापाला उठत नसे. मामलेदारांची जीप एकदा तिच्यामुळे भर उन्हात उभी राहिली. हॉर्न वाजले, काठ्या वाजल्या. चिमणाबाई डोळे अर्धे मिटून रवंथ करत राहिली, आणि तिच्या पाठीवर एक बगळा, मामलेदारांकडे पाठ करून. लहानग्या श्यामलेने ते दृश्य घराच्या पायरीवर बसून पाहिलं होतं. इतकं समाधानी कुणी तिने त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

बसलेली म्हैस करण्यात एक सोय होती, पाय दाखवावे लागत नाहीत. पोट खाली पसरलं तरी चालतं, उलट पसरायलाच हवं. शिंगं मागे वळवताना दोनदा तुटली. सगळ्यात छळलं त्या बगळ्याने. त्याची मान बारीक, चोच त्याहून बारीक. वाळली की तडकायची. शेवटी त्यांनी बगळ्याला मान आखडून, पंखांत डोकं खुपसून बसवलं. लांबून बघणाऱ्याला तो नुसता उंचवटा दिसला असता. पण श्यामलाबाईंना ठाऊक होतं की आत डोकं आहे आणि तो झोपलाय.

झाली तेव्हा त्यांनी सवयीने बादली जवळ ओढली. मग हात थांबला. ही मोडायची नाही. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. आलिमाचं ऐकलं. ओलं फडकं वरून सैल टाकलं, सावलीत हळूहळू वाळू दिली की तडे जात नाहीत म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी कळवणला गेल्या. भावाचा मोतीबिंदू काढला होता, त्याला बघून यायचं होतं.

भावाच्या एका डोळ्यावर पट्टी. ओट्यावर बसून दोघं चहा पीत होते.

"चिमणाबाई आठवते का रे?"

भाऊ एका डोळ्याने हसला. "मामलेदाराची जीप! आन् तो बगळा, त्याच्याकडं पाठ करून!"

श्यामलाबाईंना भरून आलं. बगळा आठवणारा माणूस जगात अजून एक होता. तिकडे पोळा साजरा झाला, गावातून बैल मिरवले, शिंगांना बेगड, अंगावर झुली. श्यामलाबाईंनी एका खऱ्या बैलाला पोळी भरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाल्या. वणीला गडावरून उतरलेली मंडळी प्रसादाची परडी सांभाळत गाडीत चढली. शेजारी बसलेल्या बाईने खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. एवढ्या गर्दीतही रातकिडे ऐकू येत होते, पण आज त्यांचं काही वाटत नव्हतं. घरी चिमणाबाई वाळत होती.

चपला काढून त्या तशाच बाल्कनीत गेल्या. पाट होता. फडकं घडी घालून ठेवलेलं होतं. फडक्याखाली काही नव्हतं.

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "माझी म्हैस कुठे आहे?"

ढुंढिराज खुर्चीत पेपर वाचत होते. "कुठली म्हैस?"

"बाल्कनीतली."

"बैल म्हणतेस होय! छान झाला होता हो. आयत्या वेळी उपयोगाला आला बघ. तेजश्री बाजारातून बैल आणायला विसरली. मी म्हटलं, चिंता नको, घरात आहे. तूच करून ठेवलायस असं वाटलं मला पोळ्यासाठी. एकटाच होता, म्हणून जोडीला सुपारी मांडली. यथासांग पूजा केली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, आणि आज सकाळी विसर्जन."

"कशाचं?"

"बैलाचं."

"मी बैल केलाच नव्हता." आवाज अजून खालीच होता.

"अगं, शिंगं होती. वशिंड होतं चांगलं."

"तो बगळा होता."

ढुंढिराजांनी पेपर खाली केला. "बगळा?"

"झोपलेला."

"बैलाच्या पाठीवर?"

आणि तेव्हा तो आवाज निघाला, ज्याने वॉचमन उभा राहिला.

तेजश्री हेडफोन गळ्यात टाकून खोलीतून धावत आली. "काय झालं? आई, काय झालं?" आणि मग, परिस्थिती सावरावी या सद्हेतूने, तिने मोबाइल पुढे केला. "आई, हे बघा तरी! बाबा पूजा करताना मी रील टाकलं. खाली लिहिलं, आमच्या आईंनी स्वतः घडवलेला बैल. किती लाइक्स आलेत! समोरच्या विंगमधल्या बायका विचारतायत, पुढच्या पोळ्याला शिकवाल का म्हणून."

पडद्यावर चिमणाबाई होती. कपाळावर हळदकुंकू, गळ्यात झेंडू, समोर पुरणपोळी. बगळ्याच्या पाठीवर अक्षता. तिला सगळेजण बैल समजत होते आणि ती डोळे अर्धे मिटून बसली होती, जशी मामलेदारापुढे बसली होती. क्षणभर श्यामलाबाईंना तिचा अभिमान वाटला. लगेच पुढचा क्षण आला.

"काढ ते."

"आई, लोकांना आवडलंय पण..."

"लोकांना बैल आवडलाय. काढ."

तेजश्रीने काढलं. ती बिचारी रडवेली झाली होती, पण त्या घडीला श्यामलाबाईंच्या हातात कुणासाठी दया शिल्लक नव्हती. ढुंढिराज उठले, जवळ आले, आणि त्यांच्या परीने मलम लावायला गेले.

"एवढं काय त्यात. परत कर की. माती काय, मिळते. तुझा तेवढाच वेळ..."

वाक्य पुरं झालं नाही. श्यामलाबाईंनी मध्येच विचारलं.

"बादली कुठे आहे?"

बादली न्हाणीघरात होती. तळाशी राखाडी गाळ, वर नितळ पाणी, त्यावर झेंडूची पाकळी. श्यामलाबाईंनी पाकळी उचलून बाजूला केली आणि कडी धरली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने ढुंढिराजांनी धरली.

घराणं भिक्षुकीचं. घाटावर पौरोहित्य करणारे त्यांचे चुलतभाऊ वेळप्रसंगी सूट देत असतील. ढुंढिराज देत नसत. भिक्षुकी सोडून कचेरीत काढलेल्या सगळ्या वर्षांचं ते जणू देणं होतं. "हे पाणी झाडांना घालायचं," ते म्हणाले. "पूजेतली माती आहे. तिच्यावर पाय पडता कामा नये."

"पाय नाही पडणार. हात पडणार आहे."

"आवाहन झालंय तिच्यात, श्यामला. देव बोलावलाय मी."

"मला विचारून बोलावलात? घर माझं, बोलावणं तुमचं!"

"असं बोलू नये."

"कुठला देव बोलावलात, सांगा ना. बैलात बैलाचा देव येतो. म्हशीत कोण आलं?"

 ढुंढिराजांनी खरोखरच विचार केला, ते चेहऱ्यावर दिसलं. म्हशीच्या जातीवर, रेड्यावर, कोण बसून येतं ते त्यांना आठवलं असावं, कारण कडीवरची पकड एकदम ढिली झाली. श्यामलाबाईंनी बादली ओढून घेतली, दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरली आणि हॉलमधून, गालिच्यावर पाण्याचे थेंब सांडत, बाल्कनीत नेली. काचेचं दार ओढलं. बाल्कनीच्या बाजूने खिटी लावली.

तिथेच उभं राहून त्यांनी आलिमाला फोन लावला.

सगळं ऐकून घेईपर्यंत आलिमा गंभीर होती. पुरणपोळीपाशी तिचा धीर सुटला. "या अल्ला! म्हशीला नैवेद्य! आणि नवरा म्हणून सुपारी!"

"हसू नकोस. मला रडायला येतंय."

"रड मग. मी थांबते लाइनवर." ती खरंच थांबली. जुन्या सवयीने दोघींनाही लाइनवर नुसतं थांबता येत होतं. थोड्या वेळाने आलिमा म्हणाली, "शामे, एक सांगू? मोडायची तर तूही मोडत होतीस. माझं नाक मोडलंस, तेव्हा मी काही बोलले का?"

"मी मोडत होते गं. मी."

"हां," आलिमा म्हणाली. "ते खरं."

त्या दिवशी श्यामलाबाई कुणाशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, वाढला, पण मुक्याने. रात्री आल्हाद, मुलगा, सातपूरच्या कंपनीतून दमून आला. त्याने विचारलं, "घरात कुणी गेलंय का?" तेजश्रीने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादलीतलं वरचं पाणी हलक्या हाताने ओतून काढलं. तुळशीत घातलं, तेवढं नवऱ्याचं राहू दे म्हणून. गाळ जुन्या सुती लुगड्यावर पसरला. दुपारपर्यंत तो हाताला न चिकटण्याइतका घट्ट झाला. त्यात कुंकवाची लाली कुठे कुठे उतरली होती. मळताना ती नाहीशी झाली.

पण चिमणाबाई येईना. पोट केलं तर बैलाचं झालं. शिंगं केली तर तीही बैलाची. उंचवटा बसवायला गेल्या आणि त्यांच्याच मनात वशिंड हा शब्द आला, तशी त्यांनी तो गोळा पाटावर आपटला. म्हैस नुसती विरघळवली नव्हती, पुसली होती घरच्यांनी! रातकिडे कानात ओरडत होते. श्यामलाबाईंनी रागाने मान वर केली.

काचेपलीकडे ढुंढिराज खुर्चीत झोपले होते. जेवण अंगावर आलेलं. डोकं मागे, तोंड उघडं, चष्मा कपाळावर चढलेला, पेपर पोटावर. जणू जगात कुणाचं काही विरघळलंच नव्हतं.

याला, श्यामलाबाई मनाशी म्हणाल्या. याला कोण हळदकुंकू लावतंय बघू.

त्यांनी गोळा उचलला. पोट आधी, कारण तेच आधी दिसत होतं. ते एका थापेत झालं. मग मान मागे टाकली. नाक करताना अंगठ्यात सगळा राग उतरला. तेवढाच! असं म्हणून त्यांनी नाकपुड्या दाबल्या. याचा उपयोग काय! तोंड उघडलं, करंगळीने आतपर्यंत. आयत्या वेळी उपयोगाला आला! कान ओढले, ते खऱ्याहून मोठे झाले, राहू दिले. चष्म्यासाठी माठातल्या वाळ्याच्या दोन काड्या वाकवल्या. हात चालत होते आणि त्यांचं त्यांना नवल वाटत होतं. रागाने हाताला एवढं बळ येतं, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. राग आला की पाणी पी, देवाचं नाव घे, एवढंच सांगितलं होतं.

मध्येच केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की त्यांना ढुंढिराजांच्या घोरण्याचा आवाज येतोय. काचेतून, स्वच्छ. आणि दुसरा कुठलाच आवाज नाही.

ढुंढिराज उठले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. त्यांनी दबकत काचेवर टकटक केली. श्यामलाबाईंनी खिटी काढली. ढुंढिराज वाकून पाटाकडे बघू लागले. बराच वेळ बघितलं. कालचा प्रसंग अंगावर काटा आणणारा होता, चूक परवडणार नव्हती.

"म्हैस आहे ना ही?" त्यांनी अतिशय आदराने विचारलं.

चहा घेऊन आलेल्या तेजश्रीने मागून डोकावलं आणि कप हिंदकळला. "बाबा! अहो, नीट बघा. चष्मा बघा. कपाळावर!"

ढुंढिराजांचा हात हळूच स्वतःच्या कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. तो डोळ्यांवर आणून ते पुन्हा वाकले. मग नाकाला हात लावला, आधी स्वतःच्या, मग मातीच्या. मातीच्या नाकाला हात लावला तेव्हा बायकोच्या कपाळावर आठी पडली, ती त्यांना दिसली नाही.

"माझं नाक एवढं आहे?"

"आहे," श्यामलाबाई म्हणाल्या.

"आणि झोपतो तेव्हा तोंड असं..."

"असंच."

ढुंढिराज रागावतील, असं तेजश्रीला वाटलं. ते खुलले. चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोसारखा भाव आला. आयुष्यात त्यांची मूर्ती कुणी केली नव्हती. "अगं, पण कपाळ काय आलंय! बाबांचं कपाळ आहे हे, आमच्या वडिलांचं. तेजश्री, शोकेसमधली ती जयपूरची बाहुली काढ. तिथे ठेवू. वाळलं की रंग देऊ, मी आल्हादला रंग आणायला सांगतो. गणपतीत चुलत मंडळी येतील, त्यांना दाखवता येईल. म्हणावं, आमच्या श्यामलेनं..."

श्यामलाबाईंनी मूर्ती दोन्ही तळव्यांत उचलली. ढुंढिराजांना वाटलं, आपल्याला देतेय. त्यांनी हात पुढे केले. श्यामलाबाईंचे अंगठे पोटात रुतले. नाक आत गेलं, कान गेले, उघडं तोंड मिटलं, वाळ्याच्या काड्या कडकन मोडल्या.

"अगं, अगं, काय करतेस! श्यामला! मी होतो तो!"

खालून कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

ढुंढिराज त्या गोळ्याकडे बघत होते. तोंड उघडं होतं, अगदी मघाच्या मूर्तीसारखं. हळूहळू ते मिटलं. ते एकदा गोळ्याकडे बघत, एकदा घडी घातलेल्या ओल्या फडक्याकडे.

"तो बगळा," ते म्हणाले, "डोकं कुठे होतं त्याचं?"

"पंखांत."

"हं." त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला. "मला दिसलं नाही."

"तुम्ही बघितलं नाहीत."

"नाही बघितलं," ढुंढिराज म्हणाले. त्यांनी चहाचा कप सुनेच्या हातातून घेतला आणि पाटाजवळ, माती लागणार नाही अशा बेताने ठेवला. तरी ते जाईनात. दारात घुटमळत राहिले. "मी बसू का इथे? काही बोलणार नाही. नुसता बघतो तू कसं करतेस ते. तेवढाच..."

जीभ चावली त्यांनी, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

श्यामलाबाईंनी काचेच्या दाराला मातीचा हात लावला. त्यांचा जुना आवाज आला, एक्स्चेंजमधला, गोड आणि पक्का.

"आपली तीन मिनिटं संपली."

दार सरकलं. काचेवर पाच बोटं उमटली. त्यांच्या पलीकडे ढुंढिराज थोडा वेळ दिसत होते, मग गेले. श्यामलाबाईंनी गोळ्यातून एक चिमूट माती काढली, तळव्यावर घेतली, आणि या वेळी म्हशीच्या आधी बगळ्याला सुरुवात केली.